मामाजी वर पाहत नसत

विमान गेलं की माणूस वर पाहतो. आमच्या गावावरून तेव्हा क्वचित एखादं विमान जायचं. लढाईच्या दिवसांत इंग्रजांनी तिकडे बिरसीला धावपट्टी बांधली होती, तिचं नाव लोक अजून घेत. घरघर ऐकू आली की सगळं गाव अंगणात. पिठाचे हात तसेच घेऊन बाया बाहेर यायच्या, धानाच्या बांधीत रोवणी करणारे कंबर सरळ करून आभाळात बघायचे, म्हातारेकोतारे कपाळावर हात धरायचे. एकच माणूस मान खाली घालून हातातलं काम करत राहायचा. वर बघणाऱ्यांवर तो खेकसायचा, "वर काय पाहून राहिले बे? समोर पाहा!"

तो माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. गाव त्यांना जमादार म्हणायचं, कारण फौजेत ते शिपायाचे चढत चढत जमादार झाले होते आणि ब्रह्मदेशाच्या लढाईतून दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत घेऊन परतले होते. एवढा हट्टी माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. आणि इतका शहाणाही नाही, हेही आताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की सून सासऱ्याची उणीदुणी काढायला बसली आहे.

मी गोंदियाची. बापाचं बाजारात किराणा दुकान, घरात अर्धी हिंदी अर्धी मराठी, आणि मी सातवी पास. मला पाहायला मामाजी आले ते आकडेबाज मिशा, इस्त्रीची खाकी आणि पायात धान्याच्या पोत्यासारखे जाडजूड बूट घालून. मुलीला विचारायचे ते प्रश्न सगळ्यांना ठाऊक असतात. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, गाणं येतं का. मामाजींनी विचारलं, "चूल बनवता येते?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आई पुढे झाली, "स्वयंपाक सगळा येतो तिला."

"स्वयंपाक नाई विचारला मी. मातीची चूल फुटली तं नवीन बनवता येते का?"

मला राग आला. मी म्हटलं, "बनवली नाही कधी. पण फुटकी लिंपता येते."

मामाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि बाबांना म्हणाले, "लगनाची तारीख काढा."

पुढे कळलं, हा प्रश्न ते जगातल्या प्रत्येक वस्तूला विचारत. गावात कुणी नवा कंदील आणला, सायकल आणली, घड्याळ आणलं की सगळे कौतुक करायचे आणि मामाजी वस्तू हातात उलटीसुलटी फिरवून म्हणायचे, "अन् हे बिघडलं तं?" मालकाचा चेहरा उतरायचा. लोक त्यांना नव्या वस्तू दाखवायला घाबरत. माझ्या नवऱ्याने हौसेनं एक टॉर्च घेतला होता, तो त्याने लग्नानंतर वर्षभर बापापासून गादीखाली लपवून ठेवला. नवऱ्याचं नाव दयाराम, लिहायला हरकत नाही, तोंडाने मात्र मी अजून घेत नाही.

आमच्या जवळच्या सौंदड स्टेशनवर छोट्या लाईनची गाडी थांबायची. तिच्यातून नागपूरचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन यायचं आणि स्टेशनवरून कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आमच्या ओसरीवर पोचायचं. अडचण अशी की मामाजींना फौजेत इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला-वाचायला शिकवलं होतं, मराठी अक्षर त्यांना जड जाई. मुलगा वाचायचा, पण तो वाचायला लागला की दोन ओळींत जांभया द्यायचा आणि लढाईच्या बातमीतून थेट बाजारभावात उडी मारायचा. लग्नाला महिना झाला नसेल, मामाजींनी जाहीर केलं, "उद्यापासून पेपर सूनबाई वाचल."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं सूप टाकून उभ्या राहिल्या. सासऱ्यापुढे डोईवरचा पदर न सारणारी सून, तिने चारचौघा पुरुषांपुढे ओसरीवर बसून पेपर वाचायचा? "लोकं काय म्हनतीन?"

"लोकं ऐकतीन," मामाजी म्हणाले.

दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी तोड निघाली ती पडद्याची. ब्रह्मदेशात विमानातून माल टाकायच्या ज्या छत्र्या असत त्यातल्या एकीचं कापड मामाजींनी आणलं होतं. पांढरट, गुळगुळीत, परदेशी. ते ओसरीच्या दाराला टांगलं. आत मी, उंबऱ्याशी पाटावर बसलेली, बाहेर मामाजी आणि त्यांची मंडळी. मामाजी स्वतः बसत ते एका गोणपाटाच्या तुकड्यावर. तोही छत्रीचाच होता. ही गोष्ट ते रंगवून सांगत. लढाईत बाहेरून येणाऱ्या चांगल्या छत्र्या कमी पडायला लागल्या, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या आल्या. "आम्ही हासलो. म्हटलं, पोत्याले दोऱ्या बांधून आभाळातून टाकून राहिले. पन माल तसाच उतरला बापा! दाण्याले काय मालूम छत्री कोन्या देशाची?"

एरवी लढाईच्या गोष्टी विचारल्या तर ते गंमतीच्याच सांगत. डबाबंद दुधाची तर हटकून. विमानातून अमेरिकेच्या दुधाचे डबे पडायचे, घट्ट, गोड, मधासारखे. दुसऱ्याच्या दुधावर जगू नये असं तासभर व्याख्यान देऊन झालं की हा माणूस डोळे मिटून म्हणायचा, "पन दूध काय होतं वो!" मी पडद्याआड पदर तोंडात कोंबून हसायची.

अशा त्या ओसरीवर एक दिवस मी बातमी वाचली की अमेरिका पाकिस्तानला हत्यारं देणार. तोफा, रणगाडे, विमानं, सगळं मैत्रीखातर. बाहेर एकदम गलका झाला. मामाजींचे जुने दोस्त तुळशीराम पटेल, गावातले मोठे शेतकरी आणि मामाजींचे हक्काचे विरोधक, जोरात म्हणाले, "मंग आपन काऊन बसून राहिलो? आपल्या देशानं बी कोनाचा तरी हात धरावा ना! अमेरिका नाई तं रशिया. फुकट भेटते तं नाई कायले म्हनाचं?"

"घ्यावं ना," मामाजी म्हणाले. सगळे चपापले. "मी कुठं नाई म्हनलं? मी स्वतः अमेरिकेच्या डब्यावर जगलो. नाई तं तुमच्यासमोर बसलो नसतो."

"मंग झालं तं!"

"झालं नाई. घेनं वेगळं, भरवशावर बसनं वेगळं. त्याची तोफ घेतली, तं तिचा गोळा त्याचा, तिचं तेल त्याचं, तिची कमान तुटली तं कारागीर त्याचा. मंग लढाई कवा कराची अन् कवा थांबवाची हे कोन ठरवल? तू?"

तुळशीराम पटेल काही कच्चे नव्हते. म्हणाले, "अन् दुश्मन उद्या आला तं? तुजा कारखाना बांधून होईपर्यंत तो बांधावर चिलीम पीत बसल का?"

पडद्याआड मी मनात म्हटलं, आता बोला मामाजी. त्यांनी आधी मान डोलावली. मग म्हणाले, "नाई बसनार. हे तुजं खरं हाये. तं विकत घे, उसनं घे, मांगून घे. पन ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी आपल्या भट्टीत आग लाव. दुसऱ्या दिवसावर ढकलली का ते आग कधीच पेटत नाई."

"दोस्तावर इतका बी भरोसा नाई?"

"दोस्त खोटा नसते पटेल. पन दोस्ताले बी पोट असते."

तेव्हा मला राहवलं नाही. पडद्याआडून मी बोलून गेले, "मामाजी, मग हा पडदा का टांगला अमेरिकेचा?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मग मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पडदाच हाये ना बाई," ते म्हणाले. "भिंत नाई बनवली त्याची."

देशाचं काय ते दिल्लीतले लोक ठरवत असतील. पण ही चर्चा लवकरच आमच्या गावात शिरली, आणि ती कुणाच्या कल्पनेतही नव्हती अशा वाटेने.

आमच्या गावाचा जीव तलावात. मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, काळापासूनचा तलाव, त्याला मातीची लांब पाळ. आम्ही तिला पार म्हणतो. तलावातून बांध्यांना पाणी सोडायची जी लाकडी-दगडी मोरी, तिला तुडूम म्हणतात. दर उन्हाळ्यात, पाणी यायच्या आधी, कोतवाल दवंडी द्यायचा आणि घराघरातून एक माणूस टोपली घेऊन पारीवर यायचा. माती टाकायची, धुम्मस करायची म्हणजे ती ठोकून बसवायची, तुडूम साफ करायचं, आणि दुपारी तिथेच आंब्याच्या झाडाखाली सगळ्यांनी मिळून आंबील प्यायची. मालगुजार होता तोवर त्याच्या धाकाने लोक यायचे. मालगुजारी गेली आणि पार कुणाची तेच कळेनासं झालं. मामाजी म्हणायचे, ज्याच्या बांधीत पाणी येते त्याची. तरी काही वर्षं त्यांनी दामटून लोकांना नेलं.

मग आले सेठजी. गोंदियात त्यांची राईस मिल होती, मुर्रीकडे मोठी शेती होती, आणि मामाजींशी त्यांची खरी दोस्ती होती. धानाच्या गाड्या घेऊन गेलं की मामाजी त्यांच्याच घरी जेवत. माणूस मनाचा मोठा. आमच्या गावाचा धान ते घेत, तेव्हा गावाचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे. त्यांनी एक तेलावर चालणारं इंजिन आणून गावच्या नाल्यावरच्या डोहाशी बसवून दिलं. "रखो भाई, गाँव के लिए है," म्हणाले. कसलाही मोबदला नाही, कसली अट नाही. इंजिन फटफट करायला लागलं आणि पाईपातून पाण्याचा लोट बांधीत पडला, तेव्हा लोकांनी नारळ फोडला, डफ वाजवला. इंजिन चालवायला शिकायचं म्हणून माझा नवरा निवडला गेला. त्या दिवशी ते घरी आले ते कोपरापर्यंत काळे आणि नवरदेवासारखे खूश.

मामाजींनी इंजिनभोवती एक चक्कर मारली. सगळ्या गावाने श्वास रोखला.

"अन् हे बिघडलं तं?"

सेठजी हसले. "मेरा मिस्त्री आयेगा, जमादार साहब. आपको मुझ पर भरोसा नहीं?"

"भरोसा है सेठजी, इसीलिए तो आपके घर खाता हूँ. मगर धान को दोस्ती नहीं समझती. उसको पानी समझता है."

सेठजींना थोडं लागलं असावं. आमच्या ह्यांना तर फारच लागलं. घरी येऊन ते बापावर कडाडले. "तुमाले कोनाचं चांगलं पाह्यवत नाई बाबा!" हे म्हणाले. मामाजींनी फक्त एवढंच विचारलं, "पारीवर कवा येतोस?"

पुढच्या उन्हाळ्यात दवंडी झाली. पारीवर आले एकटे मामाजी आणि त्यांच्यामागे चडफडत आत्याबाई. उरलेलं गाव सावलीत बसलं होतं. इंजिन असताना माती कोण वाहील? तुळशीराम पटेल दुरून ओरडले, "जमादार, एकटा किती टाकशील?" मामाजींनी टोपली ओतली. त्यांची मान तेवढी आखडलेली होती. घरी आल्यावर रात्री जेवले नाहीत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. एक माणूस टोपलीने तलाव सांभाळणार, हा काय शहाणपणा झाला? त्यानंतरच्या उन्हाळ्यात पदर खोचून मीही गेले. सासऱ्यापुढे सुनेने माती वाहायची, गावात तोही एक विषय झाला. तरी पार मध्ये एका जागी खचायला लागलीच. आम्हा तिघांच्या मातीने ती थोडीच थांबणार होती? तुडूम मात्र मामाजींनी शेवटपर्यंत साफ ठेवलं. दर आठवड्याला ते पाण्यात उतरून त्याची लाकडी खुंटी हलवून बघत.

त्या वर्षी पोळ्यापर्यंत पाऊस छान झाला. मग जो गेला तो गेलाच. धान गर्भात आलेला, म्हणजे लोंबी अजून पोटात. या दिवसांत बांधीत पाणी नसलं तर लोंबी बाहेर येते ती पोचट. वर्षाचं सगळं त्या थोड्या दिवसांवर. इंजिन दिवसभर धडधडायचं. डोह खाली चालला होता, पण चालत होतं. हे घरी फक्त भाकरी खायला यायचे. लोक म्हणायचे, सेठजी नसते तर मेलो असतो. मामाजी ऐकून घेत आणि तलावाकडे निघून जात.

आणि एके दिवशी दुपारी सेठजी स्वतः आले. मागे मोठी गाडी, दोन हमाल. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, पण मान वर होईना. मी पडद्याआड होते. ते म्हणाले, "जमादार साहब, क्या मुँह से कहूँ. मुर्री में मेरा धान जल रहा है. भाइयों का भी है उसमें. वहाँ दूसरा इंजन नहीं. ये ले जाना पड़ेगा. पानी गिरते ही वापस भेज दूँगा."

बातमी गावभर पोचायला वेळ लागला नाही. ओसरी, अंगण, रस्ता माणसांनी भरला. कुणी शिव्या देत होतं, कुणी पाया पडत होतं. तेवढ्यात हमाल नाल्यावरून परत आले. इंजिन सुरू करायचं हँडल जागेवर नव्हतं. त्याच्याशिवाय ते इंजिन नेऊन उपयोग शून्य. तुळशीराम पटेलांच्या मिशीत हसू होतं. तरणी पोरं बाह्या सावरून उभी होती. आमचे हे भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते.

मला माहीत होतं. सेठजी इंजिन न्यायला येणार ही कुणकुण ह्यांना सकाळीच लागली होती, आणि त्यांनी ते हँडल आणून स्वयंपाकघरातल्या धानाच्या कोठीत पुरलं होतं. मला म्हणाले होते, "बोलशील तं पाह्य." मी गप्प राहिले होते, कारण आमच्याही बांध्या त्याच पाण्यावर होत्या. आमचंही वर्ष त्याच डोहात होतं.

मामाजी उठले. "हँडल कोनाकडे हाये?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोनाकडे हाये, विचारून राहिलो मी."

"ज्यानं देलं त्यानं असं मधातच न्याचं असते का?" पटेल ओरडले. "हा दगा हाये!"

मग मामाजींनी ती गोष्ट सांगितली. आयुष्यात एकदाच सांगितली, ना आधी, ना नंतर.

"आमी एका टेकडीवर होतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तरी रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचला. "चारी बाजूनं जपानी. खाली उतरता येत नव्हतं. विमान रोज एकाच टाइमाले यायचं. दाना, पानी, गोळ्या, औषध, सारं वरून. पोट भराले लागलं. मंग आमाले सवय लागली. टाइम झाला का सारे वर पाह्याचे. पहारेवाला बी वर पाह्याचा. मी जमादार, मी बी वर पाह्याचो. एक दिवस धुकं होतं. विमान नाई आलं. दुसऱ्या दिवशी बी नाई. आमी अजून जास्त पाह्याले लागलो वर. माह्या बाजूले गनपत होता, आपल्या कोहमाऱ्याकडचा. तो म्हने, जमादारसाब, आवाज येऊन राहिला. आमी सारे वर पाहून राहिलो होतो, तवाच जपानी समोरून आला. गनपत वरच पाहत गेला."

मामाजींनी पटेलांकडे तोंड वळवलं.

"अमेरिकेनं दगा नाई देला मले. धुकं होतं. धुक्याले काय शिव्या देता? विमानाची चूक नाई. पहारा आमचा होता. तो आमी सोडला." त्यांनी सेठजींकडे हात केला. "या मानसानं दोन वर्षं पानी देलं. आता त्याच्या घराले आग लागली तं तो आपली बालटी वापस मांगून राहिला. तुमी बालटी लपवता? उद्या कोन दोस्त होईल तुमचा? हँडल आना."

मी कोठीत हात घातला. धानात खोल रुतलेलं ते जड लोखंड ओढून काढलं आणि बाहेर आले. पडदा बाजूला सारून, भरल्या ओसरीवर, सगळ्या गावासमोर. आत्याबाई मागून "अवं, अवं" करत राहिल्या. हँडल मी सेठजींच्या पायाशी ठेवलं. ह्यांच्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही. मामाजीही माझ्याकडे पाहत नव्हते.

"न्या सेठजी," ते म्हणाले. "और पानी गिरे तब तक मत भेजना. आपको लगेगा."

सेठजींनी डोळे पुसले. गाडी गेली. मग पटेल फाटक्या आवाजात म्हणाले, "अन् आमच्या धानाचं काय जमादार? गोष्टीनं लोंबी भरते का?"

"तलाव हाये."

"पार खचली. अर्धं पानी वाहून गेलं."

"अर्धं हाये ना? उठा!"

काय संचारलं होतं त्या माणसात कोण जाणे. फौजेतल्यासारखा हुकूम सुटला आणि लोक खरोखर उठले. ज्याला जे सापडलं ते घेऊन पारीकडे पळाले. पण दोन उन्हाळे न वापरलेल्या टोपल्या कुणाच्या मोडल्या होत्या, कुणाच्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्यामागचा पडदा धरला आणि एका हिसक्यात ओढून काढला. त्याच्या झोळीत माती भरून चार माणसं ती उचलत होती. ते कापड फाटलं नाही. परदेशी माल चांगला होता, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळपर्यंत खचलेली जागा भरली. तुडूम उघडायला हे स्वतः पाण्यात उतरले, कुणी सांगितलं नव्हतं. खुंटी एका झटक्यात निघाली, कारण ती कुणीतरी दर आठवड्याला हलवून ठेवली होती. त्यांनी पाण्यातून वर बापाकडे पाहिलं. मामाजी म्हणाले, "ठंड लागल. बाहेर ये." एवढंच. बापलेकांचा समेट एवढ्यावर झाला.

सगळा धान वाचला नाही. खालच्या बांध्या वाचल्या, वरच्या गेल्या. निम्मं गाव रडलं, निम्म्या गावाने आपल्या घरातलं त्यांना दिलं. कुणी उपाशी राहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दवंडी व्हायच्या आधीच पारीवर माणसं होती. सेठजी गोंदियाहून आले, पांढरं धोतर वर खोचून त्यांनीही टोपल्या टाकल्या आणि आंबील पिऊन गेले. दोस्ती मोडली नाही. उलट आता ती बरोबरीची झाली. आणि दोनेक वर्षांनी गावाने मिळून स्वतःचं इंजिन घ्यायचं ठरवलं, तेव्हा हे गोंदियाला जाऊन मिस्त्रीच्या हाताखाली राहिले. परतल्यावर बापासमोर उभे राहिले. मामाजींनी विचारलं, "अन् हे बिघडलं तं?"

"मी खोलीन, मीच जोडीन."

"मंग आन."

पडदा परत दाराला लागला नाही. तो पारीच्या कामाला गेला तो गेलाच. मी ओसरीवर भिंतीला टेकून पेपर वाचायला लागले. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी त्याही येऊन बसल्या आणि बाजारभाव पुन्हा वाचायला सांगितला. तुळशीराम पटेल अजून भांडत. रशिया, अमेरिका, तोफा, कारखाने. मामाजी अजून तेच सांगत, की घ्या, पण आपल्या भट्टीत आग लावा. मलाही आता पडद्याची गरज नव्हती. मी सरळ मध्ये तोंड घालायची, आणि बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूने.

त्यांची माझ्या मनातली शेवटची आठवण भादव्यातली आहे. पुढे हिवाळ्यात ते झोपेतच गेले, पण तसे मला ते आठवत नाहीत. तो दिवस आठवतो. मी त्यांची भाकर घेऊन पारीवर गेले होते. तलाव काठोकाठ भरलेला, तुडुमातून पाणी खळखळत खाली बांध्यांत चाललेलं, आणि धान गर्भात. मामाजी गोणपाटाचा तुकडा अंथरून बसले होते. तेवढ्यात घरघर आली. उन्हात चमकत एक विमान मुर्रीच्या दिशेने निघालं होतं. खाली बांध्यांतली माणसं वाकून काम करत होती; इतक्या वर्षांच्या ओरड्याने त्यांनाही सवय लागली होती. मी मात्र मामाजींकडे पाहिलं आणि हातातली भाकर पडता पडता राहिली. ते मान मागे टाकून, कपाळावर हात धरून, लहान पोरासारखे वर पाहत होते.

मला संधी सोडवेना. "मामाजी," मी म्हटलं, "वर काय पाहून राहिले? समोर पाहा!"

त्यांनी मान खाली केली नाही. विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

"समोर पाह्यलं बाई," ते म्हणाले. "भरलं हाये."